पाळी का लांबते? : एका शोधाची हकिगत

आपल्या घरांतून पाळीचा विषय निघाला, की 'कावळा शिवला' एवढे म्हणून तो मिटवायची रीत होती. 'अंगावर पांढरे जाते' हे तर बाई आईलाही हळूच सांगे. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, आणि तो शास्त्राला कळायला विसावे शतक उजाडावे लागले.

एकोणिसाव्या शतकात युरोपातले नामांकित डॉक्टर समजत, की स्त्रीबीज पाळीच्या सुमारासच सुटते. १९२४ साली जपानमधील निईगाता येथील डॉ. क्यूसाकु ओगिनो यांनी हा समज खोडून काढला. शस्त्रक्रियेच्या वेळी दिसलेला बीजांडकोश आणि त्या बाईच्या पाळीच्या तारखा यांचा त्यांनी मेळ घातला. बीज सुटते ते पुढच्या पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी, असे त्यांना आढळले. ऑस्ट्रियाचे डॉ. क्नाउस स्वतंत्रपणे जवळजवळ याच निष्कर्षाला आले.

मर्म ध्यानात घ्या. आजारपणाने, मनस्तापाने बीज सुटणेच लांबले, तर पाळीही तितकीच लांबते.

पण बीज सुटल्याचे बाईला कळावे कसे? १९५३ पासून मेलबर्न येथे डॉ. जॉन बिलिंग्ज यांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी बायकांनाच विचारले! आधी कोरडे दिवस, मग चिकट स्राव, मग अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा नितळ, ताणला जाणारा; आणि नंतर पुन्हा दाट किंवा कोरडे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने बंगळूरसह पाच केंद्रांत ८६९ स्त्रियांची पाहणी केली. तीत शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणींना ही खूण पहिल्याच महिन्यात ओळखता आली.

म्हणजे हे ज्ञान बायकांपाशी होतेच. विचारणारा कोणी नव्हता. मी वर्गात लढायांच्या सनावळ्या शिकवतो. ही सनावळी मात्र आमच्या पुस्तकांत नाही.

तेव्हा घरातल्या मुलीला प्रत्येक पांढरे जाणे म्हणजे रोग, असे सांगून भिववू नका. खाज, दुर्गंधी, निराळा रंग, ओटीपोटात दुखणे असेल, तर मात्र डॉक्टरांकडे न्या. विवाहितेची पाळी चुकली, तर आधी दिवस गेले आहेत का, ते तपासून घ्यावे. आणि ती काही सांगू लागली, तर तिला गप्प करू नका. ऐकून घ्या.