चौघांत एक तरी पंतोजी

१६२३ सालच्या नोव्हेंबरात पिएत्रो देल्ला वाल्ले हा रोमचा प्रवासी गोव्याच्या पोर्तुगीज वकिलाबरोबर घाट चढून इक्केरीच्या नायकाच्या भेटीला निघाला होता. वाटेत निघायची तयारी चालू असताना एका देवळाच्या ओसरीत त्याला चार मुलगे हिशेब शिकताना दिसले. फरशीवर बारीक वाळू पसरलेली. मुले त्या वाळूत बोटाने आकडे काढत आणि तेच एका सुरात गात. फरशी भरली की काढलेले पुसायचे, थोडी वाळू टाकायची, पुढे चालू. देल्ला वाल्लेला नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. शिकवणारा कुठे दिसत नव्हता. चुकले, अडले तर सांगणार कोण, असे त्याने विचारले. मुलांचे उत्तर मोठे हुशार होते. एकच गोष्ट चौघांनाही एकदम अडेल असे होत नाही, म्हणून आम्ही एकत्र बसतो. ज्याला येते तो त्या वेळेपुरता मास्तर.

घाटाखाली कोकणात आणि वर देशावर हीच रीत पुढची अडीचशे वर्षे चालली. तिला शाळा म्हणायचे, पण इमारत नसे. कुणाच्या वाड्याची पडवी, मारुतीचे देऊळ, पावसाळ्यात एखाद्या सावकाराची ओसरी, जिथे पंतोजींची बैठक पडेल तिथे शाळा. नवा मुलगा धुळपाटीवर बसे. लाकडी फळीवर धूळ किंवा विटकरीची भुकटी पसरायची, त्यात अक्षर काढायचे, हाताने सारखे करायचे, पुन्हा काढायचे. वळण बसले की मग बोरू, शाई आणि मोडीचा कित्ता. छापील पुस्तक नव्हतेच. मुलाला वाचायला मिळत ती जुनी पत्रे, कबुलायती, हिशेबाची फर्दे, म्हणजे पुढे जन्मभर ज्यांच्याशी गाठ पडायची तेच कागद.

गणिताचा थाट त्याहून मोठा. पाढे तिसापर्यंत, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. आज हे ऐकून कुणी कानाला हात लावेल, पण सोळा आण्यांचा रुपया आणि पाव-अदपावाची मापे असलेल्या बाजारात याच पाढ्यांवर पोट चाले. पायलीला औट आणे दर असेल तर सात पायल्यांचे साडेचोवीस आणे, हे सांगायला वाण्याच्या पोराला कागद लागत नसे. संध्याकाळी परवचा व्हायचा. सगळी शाळा एका सुरात पाढे म्हणायची. ज्याला येत नसे त्याचे ओठ नुसते हलत, आणि महिनाभरात त्यालाही येऊ लागे.

पंतोजी एकटा. समोर बसलेली पोरे पाच वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची. कुणी धुळपाटीवर, कुणी कित्त्यावर, कुणी व्याजाच्या हिशेबात. वर्ग नाहीत, वेळापत्रक नाही, वर्षाअखेरची परीक्षा नाही. मुलगा कोणत्याही महिन्यात यायचा आणि सुगीला शेतावर जायचा. अशा खिचडीत पंतोजीने सगळ्यांना एकदम एकच धडा सांगणे शक्यच नव्हते. म्हणून दिडकी म्हणणारा मोठा मुलगा बे एके बे म्हणणाऱ्या लहानग्याजवळ बसे. नव्या मुलाचा हात धरून धुळीत अक्षर काढून घ्यायचे काम त्याचेच. पंतोजी मधूनमधून मोठ्यांचा पाठ घेत, बाकी वेळ छडी आणि तपकिरीची डबी सांभाळत.

या शाळांची पहिली मोजणी इंग्रजांनी केली. मुंबई इलाख्याच्या कौन्सिलातले प्रेन्डरगास्ट यांनी १८२१ मध्ये लिहून ठेवले की आपल्या मुलखात जवळजवळ एकही गाव असे नाही जिथे निदान एक शाळा नाही, आणि शिक्षकाला मोबदला मिळतो तो ओंजळ-दोन ओंजळ धान्यापासून फार तर महिना रुपयापर्यंत. १८२९ च्या आकड्यांप्रमाणे इलाख्यात १,७०५ शाळा आणि ३५,१५३ विद्यार्थी होते. त्यांतल्या १,६८० शाळा गावठी, त्यांत ३३,८३८ मुले. भागाकार केला तर एका शाळेत सरासरी वीस मुले येतात. वीस हा आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

दक्षिणेत बल्लारीचा कलेक्टर कॅम्पबेल याने ऑगस्ट १८२३ मध्ये मद्रास सरकारला आपल्या जिल्ह्याचा अहवाल पाठवला. ५३३ शाळा, त्यांत २३ मराठी. कॅम्पबेल नुसते आकडे देऊन थांबला नाही. सकाळी शाळेत पहिल्या येणाऱ्या मुलाच्या तळहातावर सरस्वतीचे नाव लिहीत, दुसऱ्याच्या हातावर पूज्य काढीत, म्हणजे ना शाबासकी ना बोलणी, आणि तिसऱ्यापासून छडी सुरू, जितका उशीर तितके फटके जास्त, असे सगळे त्याने टिपले. मुले अर्थ न कळता पाठ करतात, हेही त्याने स्पष्ट लिहिले. पण दोन गोष्टींना त्याने मनापासून दाद दिली. एक, लिहायला शिकवण्यातली काटकसर. दुसरी, पुढे गेलेल्या मुलांनी मागच्यांना शिकवायचे आणि ते करताना स्वतःचेही ज्ञान पक्के करायचे, ही पद्धत. इंग्लंडने तिचे अनुकरण केले ते उगाच नाही, असा त्याचा शेरा होता.

इंग्लंडने अनुकरण केले, ही गमतीची गोष्ट जरा मागे जाऊन सांगावी लागेल.

अँड्र्यू बेल हा स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या न्हाव्याचा मुलगा. अमेरिकेत शिकवण्या करून, पाद्री होऊन तो १७८७ मध्ये मद्रासला उतरला आणि दोन वर्षांनी एग्मोरच्या लष्करी अनाथालयाचा प्रमुख झाला. तिथली मुले बहुतेक गोऱ्या शिपायांची, आया इथल्या. शिक्षक कमी पगाराचे आणि त्याहून कमी उत्साहाचे. एका सकाळी घोड्यावरून जाताना बेलला एक देशी शाळा दिसली, मुले वाळूत अक्षरे गिरवीत होती. बेलने परत येऊन मास्तरांना तसेच करायला सांगितले. मास्तरांनी मान हलवली, हे काही जमायचे नाही. तेव्हा बेलने आठ वर्षांच्या जॉन फ्रिस्किन नावाच्या मुलाला अक्षरांच्या वर्गावर बसवले. मास्तरांना जे जमले नाही ते त्या पोराने करून दाखवले. थोड्याच काळात शाळेचा बराचसा कारभार मुलांच्याच हाती आला.

१७९६ मध्ये बेल परतला आणि पुढच्या वर्षी त्याने मद्रासच्या प्रयोगावर एक पुस्तिका छापली. तिकडे लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर हा विशीतला क्वेकर तरुण बरो रोडवर गरिबांच्या मुलांची शाळा चालवीत होता. त्यानेही मुलांकडून मुलांना शिकवायला सुरुवात केली, वाळूची पाटी मात्र त्याने बेलच्या पुस्तिकेवरून उचलली. मग दोघांत श्रेयाचा असा तंटा लागला की इंग्लंडातले धर्मपंथच दोन बाजूंना उभे राहिले. अँग्लिकन चर्च बेलच्या मागे, बाकीचे लँकेस्टरच्या. १८११ मध्ये चर्चने नॅशनल सोसायटी काढली आणि देशभर बेलच्या नमुन्याच्या शाळा सुरू झाल्या. या भांडणात देवळाच्या ओसरीतल्या मुलांचा दावा मांडायला अर्थातच कुणी नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी मात्र ३ जून १८१४ च्या खलित्यात प्रामाणिकपणे कबूल केले की हिंदुस्थानातल्या शिक्षकांची ही पुरातन पद्धत डॉक्टर बेल यांच्यामार्फत आपल्या देशात स्वीकारली गेली आहे.

पण जे इंग्लंडात गेले ते वेगळेच काही होऊन बसले. बरो रोडला एका मास्तराच्या हाताखाली हजाराच्या घरात मुले होती. दर दहा मुलांमागे एक मॉनिटर, त्यांच्यावर मुख्य मॉनिटर, हुकमाबरहुकूम पाट्या वर, पाट्या खाली. बक्षिसाला तिकिटे, शिक्षेला गळ्यात लाकडाचा ओंडका, नाहीतर टोपलीत घालून छताला टांगणे. आपल्या पंतोजींची अंगठे धरायला लावण्याची शिक्षा त्यापुढे सौम्य म्हणावी. वीस मुलांच्या पडवीत मोठा मुलगा धाकट्याला शिकवी तेव्हा दोघे एकाच आळीतले असत, आणि मोठ्याचे स्वतःचे शिक्षण पंतोजींकडे चालूच असे. हजार मुलांच्या दालनात दहा वर्षांचा मॉनिटर सकाळी घोकलेले दुपारी ओकून टाकी, त्यापलीकडे त्याला कुणी काही शिकवीत नसे. खर्च कमी, म्हणून व्यवस्था लोकप्रिय. १८४६ मध्ये सरकारी शिक्षण समितीचा सचिव के-शटलवर्थ याच्या योजनेने तिथे पगारी उमेदवार शिक्षक आले आणि मॉनिटरची सद्दी संपत गेली.

मुलाने मुलाला शिकवणे वाया गेले असे मात्र नाही. १९८२ मध्ये अमेरिकेत पीटर कोहेन, जेम्स कुलिक आणि चेन-लिन कुलिक यांनी अशा शिकवणीच्या ६५ अभ्यासांचा एकत्र ताळा घेतला. ज्यांना शिकवले ती मुले पुढे गेलीच, आणि जी शिकवत होती त्यांचीही त्या विषयातली समज वाढली. कॅम्पबेलने नुसत्या डोळ्यांनी पाहिलेले दीडशे वर्षांनी आकड्यांत आले.

तर ही पद्धत विलायतेहून परत आली ती साहेबी पोशाखात. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८२३ च्या टिपणात गावठी शाळांतली शिकवण्याची रीत सुधारणे आणि शाळांची संख्या वाढवणे हे पहिले कलम ठेवले. त्याच्या आश्रयाखालच्या शाळा-पुस्तक मंडळीने, पुढची बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी, जी चौकशी समिती नेमली तिने उपाय सुचवला तो लँकेस्टरच्या पद्धतीचा. मग सोसायटीचा सचिव कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याच्या देखरेखीखाली मुंबईत शिक्षक तयार होऊ लागले आणि १८२६ पासून दक्षिण, कोकण आणि गुजरातेतल्या शाळांवर जाऊ लागले. पंतोजींच्या शेजारी आता सरकारी पगाराचा मास्तर बसला. त्याच्याजवळ छापील पुस्तके होती. सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचे ‘बाळमित्र’ आणि इसापनीतीच्या कथा १८२८ मधल्या. मुलांच्या हाती मजकूर पडला आणि नुसते घोकण्याला पर्याय आला, ही या बदलातली निर्विवाद चांगली बाजू. शिक्षकाला शिकवायला शिकवावे लागते, हा विचारही इथे रुजला. १८४५ मध्ये मुंबईत नॉर्मल वर्ग निघाला तेव्हा तो सोपवला गेला बाळशास्त्री जांभेकरांकडे. पण वर्षभरातच, १८४६ मध्ये, ते गेले.

जुन्या ओसरीचे गोडवे गाणाऱ्यांनी एक विसरू नये. त्या चौघांत कोण बसू शकत होते? मुली जवळजवळ नव्हत्या, अस्पृश्य मानलेल्या जातींना पायरीही वर्ज्य. पंतोजी बहुतेक ब्राह्मण, मुले ब्राह्मण, वाणी, सोनार आणि काही पाटील-कुणब्यांची. एकमेकांना शिकवण्याची रीत कितीही चांगली असली तरी तिला एकमेकांजवळ बसावे लागते, आणि तिथेच जात आडवी आली. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा काढल्या, त्या या कारणाने.

फुल्यांचे लक्ष शिकवणाऱ्यावर होते. १८८२ मध्ये शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीची तोंडओळख, आरोग्य आणि नीती हे विषय मागितले. मास्तर शेतकरी वर्गातला, शिकून तयार झालेला, वेळ पडली तर नांगर किंवा सुताराची वाकस हाती धरणारा असावा, पगार बारा रुपयांहून कमी नसावा, असेही सांगितले. अमुक महिन्यात अमुक पान, अमुक इयत्ता, डिपुटीसाहेबांची तपासणी असा रिवाज तोवर पक्का झाला होता. इयत्ता आल्या तशी वयाप्रमाणे मुले वेगळी झाली. मोठ्याजवळ धाकट्याला बसवायचे कारणच उरले नाही. मॉनिटर राहिला, पण तो फळ्यावर बडबडणाऱ्यांची नावे लिहिण्यापुरता.

इयत्तांची ही चौकट लहान वस्तीवर कधी बसलीच नाही. महाराष्ट्रातल्या डोंगराळ भागातल्या एकशिक्षकी, दोनशिक्षकी शाळांत आणि २००० नंतरच्या वस्तीशाळांत पहिली ते चौथी एका खोलीत असायची. म्हणजे प्रश्न पंतोजींचाच, फक्त आता कागदावर चार इयत्ता आणि चार अभ्यासक्रम. बहुवर्ग अध्यापन हा शब्द शिक्षकांच्या प्रशिक्षणात आला तो या गरजेतून. त्याचे सर्वांत बारकाईने केलेले उत्तर आंध्रातल्या मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅलीत मिळाले. तिथे परिसरातल्या खेड्यांच्या एकखोली शाळांसाठी पाठ्यपुस्तकाचे तुकडे करून कार्डे बनवली गेली, चित्रखुणांनी जोडलेली एक शिडी भिंतीवर लागली. मूल आपली पायरी स्वतः शोधते आणि खूण पाहून गटात बसते. एक गट पूर्णपणे शिक्षकाच्या मदतीने शिकणारा, दुसरा अर्धामुर्धा, तिसरा सोबत्यांच्या आधाराने आणि चौथा एकट्याने.

२००३ मध्ये चेन्नई महापालिकेने हीच रीत सुरुवातीला आपल्या १३ शाळांत आणली आणि काही वर्षांत ती तामिळनाडूभर सरकारी प्राथमिक शाळांत गेली. बाके निघाली, मुले चटईवर बसली, भिंतीच्या खालच्या अंगाला मुलांच्या उंचीचे काळे फळे रंगवले गेले. शिक्षकांची सुरुवातीची तक्रार अशी, की वर्गात आवाज फार होतो आणि साहेब तपासणीला आले तर कोणत्या इयत्तेचा कोणता धडा चालू आहे ते सांगता येत नाही.