पंचरंगीपासून साखळीपर्यंत : पावसाळी क्रिकेटच्या इतिहासातील तीन शब्द

प्रवरेच्या खोऱ्यात ‘हंगाम’ हा शब्द फार मोलाचा आहे. मूळ फारसी शब्दाचा अर्थ केवळ ‘वेळ’ किंवा ‘प्रसंग’ असा असला, तरी मराठीने त्यात पिकाचा, कष्टाचा आणि कमाईचा अर्थ ओतला. (त्यापासून बनलेल्या ‘हंगामी’ या विशेषणाच्या वाट्याला मात्र अस्थायित्व आले, विद्यापीठीय वाचकांस याचा अधिक खुलासा करण्याचे कारण नाही.) भंडारदऱ्याच्या माथ्यावर, घाटघर आणि रतनवाडी या बाजूस, आषाढ-श्रावणात जो पाऊस कोसळतो तो १९२६ साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणात साठतो, आणि तेथून प्रवरेच्या पात्राने व कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर या कोरड्या मुलखांत उतरतो. ज्या घाटघरला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, त्याच जिल्ह्यात श्रीरामपूरकडे वर्षाकाठी वीस इंचांच्या आसपास पाऊस पडतो. या पाण्यावर ऊस वाढतो, आणि कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो तो पाऊस सरल्यावर. म्हणजे या खोऱ्याच्या भाषेत पावसाळा हा संचयाचा काळ, हंगाम हा त्यानंतरचा.

क्रिकेटचा हंगामही महाराष्ट्रात सामान्यतः याच क्रमाने चालतो. जिल्ह्याच्या गावी दसरा-दिवाळीच्या सुमारास मैदान वाळते, काथ्याची चटई अंथरली जाते आणि हौशी संघांचे सामने सुरू होतात. इंग्लंडात हा खेळ उन्हाळ्याचा. येथे तो हिवाळ्याचा झाला. दोन्हीकडे ‘पावसाविना’ हा संकेत समानच आहे. अशा स्थितीत, भंडारदऱ्याचा जलाशय भरत असतो नेमक्या त्याच आठवड्यांत, सह्याद्रीच्या पलीकडे मुंबईत आझाद मैदान व क्रॉस मैदान येथे शेकडो हौशी खेळाडू भिजल्या खेळपट्टीवर साखळी सामने खेळू लागतात, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. डॉ. होर्मसजी दोराबजी कांगा यांच्या स्मरणार्थ मुंबई क्रिकेट संघटनेने १९४८ साली सुरू केलेली ही कांगा साखळी हंगामाच्या प्रारंभीची स्पर्धा आहे. पण तिने हंगाम कोठे सुरू होतो याची रेषाच मागे ओढली. हे का घडले, असा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे रूढ उत्तर सर्वांस ठाऊक आहे. इंग्लंडातील ओल्या खेळपट्ट्यांवर भारतीय फलंदाज गडबडतात, तेव्हा त्यांना घरच्या घरी ओल्याची सवय व्हावी, हा या योजनेचा हेतू होता असे सांगितले जाते, आणि विजय मर्चंट यांच्या पुढाकाराचा उल्लेख त्याबरोबर येतो. १९४६ च्या पावसाळी इंग्लिश उन्हाळ्यात मर्चंटांनी त्या दौऱ्यावर ७४.५३ च्या सरासरीने २,३८५ धावा केल्या होत्या. ओल्या खेळपट्टीचे मर्म त्यांना इतरांपेक्षा अधिक कळले असावे यात नवल नाही. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. साखळी सुरू होऊन चार पावसाळे लोटल्यानंतर, जुलै १९५२ मध्ये, मँचेस्टरच्या ओलसर खेळपट्टीवर भारताचा संघ एकाच दिवशी दोनदा बाद झाला : पहिल्या डावात ५८, दुसऱ्यात ८२. फ्रेड ट्रूमनने पहिल्या डावात ३१ धावांत ८ बळी घेतले. त्या ५८ धावांतील सर्वांत मोठा वाटा मुंबईच्या विजय मांजरेकरांच्या २२ धावांचा होता, एवढीच काय ती साखळीच्या बाजूने साक्ष. केवळ इंग्लंडची पूर्वतयारी हाच हेतू असता, तर अशा अनुभवानंतर ही स्पर्धा हळूहळू मावळली असती. ती मावळली नाही. उलट वाढत वाढत सात गट आणि प्रत्येक गटात चौदा संघ, एवढा तिचा विस्तार झाला. इंग्लंडला कधीही न जाणारा कारकून, दुकानदार, विद्यार्थी रविवारी चिखलात खेळावयास उतरतो, त्याचे कारण इंग्लंडात शोधून सापडणार नाही.

ते कारण, आमच्या मते, १९४८ च्या आधीच्या दोन वर्षांत आहे. आणि त्याचा माग मराठी शब्दांतून लागतो.

मुंबईच्या क्रिकेटचा सार्वजनिक इतिहास हा जमातींच्या संघांचा इतिहास होता. ऑगस्ट १८९२ मध्ये युरोपीय विरुद्ध पारशी हा प्रेसिडेन्सी सामना झाला. १९०७ साली हिंदू आले, १९१२ साली मुसलमान आले, आणि १९३७ साली ‘अवशिष्ट’ म्हणून उरलेल्यांचा पाचवा संघ आला. इंग्रजीत या स्पर्धांची नावे भूमितीवरून पडली होती : त्रिकोणी, चतुष्कोणी, पंचकोणी. मराठी वृत्तपत्रांनी व बोलणाऱ्यांनी मात्र कोन सोडून दिला आणि रंग घेतला. तिरंगी, चौरंगी, पंचरंगी सामने! ध्वनिसाम्याचा यात हात असेलच. इंग्रजी शब्दाच्या शेवटी ऐकू येणारा ‘अँग्युलर’ आणि मराठी ‘रंगी’ हे कानाला फार दूरचे नाहीत. पण शब्द टिकतात ते केवळ ध्वनीवर नव्हे. कोन हा आकृतीचा घटक असतो. एक कोन काढला तर आकृती मोडते. रंगाचे तसे नसते. रंग शेजारी शेजारी राहतात, एकमेकांत मिसळत नाहीत, आणि दुरून पाहणाऱ्यास प्रथम तेच दिसतात. प्रेक्षक आपापल्या जिमखान्याच्या मंडपात बसून आपापल्या रंगाचा जयजयकार करीत असत, त्या दृश्याचे वर्णन ‘पंचकोणी’ या शब्दाने झाले नसते. आज ती स्पर्धा नाही. पण तिरंगी-चौरंगी लढतींची तीच शब्दरचना निवडणुकीच्या बातम्यांत नांदते आहे, आणि तेथेही तिचा अर्थ फारसा बदललेला नाही.

डिसेंबर १९४० मध्ये वर्ध्यास गेलेल्या हिंदू जिमखान्याच्या मंडळींस गांधीजींनी अशा जमातवार सामन्यांविषयी आपली नापसंती स्पष्टपणे सांगितली, आणि त्या वर्षी हिंदू संघ उतरला नाही. तरीही स्पर्धा आणखी काही वर्षे चालली, कारण तिच्यामागे गर्दी होती, पैसा होता, आणि खेळही उत्तम होता, हे मान्य केलेच पाहिजे. १९४५-४६ नंतर ती बंद झाली. मुंबईच्या क्रिकेटचे वर्ष ज्या खांबावर उभे होते तो खांब निघाला. रणजी करंडक होता, पण तेथे अकरा जणांना वाव. शहरातील शेकडो खेळाडूंना बांधून ठेवील असे त्यात काही नव्हते. अशा मोकळ्या जागी दोन वर्षांनी कांगा साखळी आली.

आता ‘साखळी’ या शब्दाकडे पाहावे. इंग्रजी ‘लीग’ म्हणजे संघ, करार, युती. त्याचे सरळ भाषांतर करायचे तर मराठीत शब्दांची वाण नव्हती. पण मराठीने संस्कृत शृंखलेपासून प्राकृतमार्गे आलेली साखळी निवडली आणि संस्थेऐवजी पद्धतीला नाव दिले : प्रत्येक कडी दुसऱ्या कडीत अडकलेली, प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळणारा. बाद पद्धतीत हरणारा घरी जातो. साखळीत हरणाऱ्याला पुढच्या रविवारी पुन्हा उतरावे लागते. चौदा संघांच्या गटात तेरा सामने. सात गटांचे मिळून सहाशे सदतीस. चौरंगीत चार रंग वर्षातून एकदा समोरासमोर येत. साखळीत पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना हे जुने रंगसुद्धा दादर, माटुंग्याच्या क्लबांमधील एकेक कडी होऊन बसले. ज्यांच्या नावाने ही स्पर्धा सुरू झाली ते डॉ. कांगा स्वतः पारशी संघाचे मोठे फलंदाज. १९०५ साली पुण्यास युरोपीय संघाविरुद्ध त्यांनी २३३ धावा केल्या होत्या. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर ते आणि पळवणकर बाळू एकाच संघात होते. जमातींच्या काळातील एका नावाखाली जमातींपलीकडची स्पर्धा सुरू झाली, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो.

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. जिमखान्यांची नावे बदलली नाहीत, त्यांच्या सदस्यत्वाचे नियमही रातोरात बदलले नाहीत. आणि १९४८ साली कोणी ‘आम्ही पंचरंगीची जागा भरीत आहोत’ असे म्हटल्याचा दावा येथे करावयाचा नाही. तसेच पावसाळी खेळ ही १९४८ ची नवलाई नव्हे. वर सांगितलेला १८९२ चा सामना ऑगस्टातलाच. नवे होते ते एवढेच की पावसाळ्यात मैदानावर उतरण्याचा अधिकार साहेबांच्या व श्रीमंतांच्या जिमखान्यांपुरता राहिला नाही.

मैदानाचा हा अधिकार स्वस्तात मिळालेला नाही. १८८० च्या सुमारास मुंबईच्या याच मोकळ्या पटांगणावर युरोपीय मंडळी पोलो खेळत, आणि घोड्यांच्या टापांनी उखडलेल्या हिरवळीवर नेटिव्ह क्लबांना क्रिकेट खेळणे अशक्य होई. १८८१ साली त्यांनी गव्हर्नराकडे अर्ज केला. शापुरजी सोराबजी यांनी १८९७ साली लिहिलेल्या पारशी क्रिकेटच्या वृत्तान्तात हा झगडा आला आहे. पाऊस, ओली जमीन आणि टापांचे खळगे यांचा संबंध ज्याने चिखलात चेंडू अडवला आहे त्याला सांगावा लागत नाही. पुढच्या काळात ज्या मैदानावर एका वेळी वीस-बावीस खेळपट्ट्या शेजारी शेजारी मांडल्या गेल्या, एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाला पाठ लावून उभा राहू लागला, ते मैदान त्या अर्जांतून उरले आहे.

आता प्रत्यक्ष खेळाविषयी थोडे. पावसाळी साखळीत खेळपट्टी उघडी असते, आणि सीमेकडचे गवत घोट्याच्या वर वाढलेले असते. जमिनीवरून मारलेला उत्तम फटका त्या गवतात अडतो. चौकाराच्या योग्यतेच्या फटक्याला एक धाव मिळते. त्यामुळे फलंदाजाला चेंडू हवेतून मारण्याचे धाडस करावे लागते, आणि ते धाडस करावे तर खेळपट्टी त्याला साथ देत नाही. पूर्ण ओल्या मातीवर चेंडू घसरतो, मंद होतो. त्यात फारसे भय नाही. खरे संकट ऊन पडल्यावर येते. वरचा थर वाळू लागतो, खालचा ओला राहतो, आणि चेंडू पडला की माती धरून एकदम उसळतो किंवा वळतो. कोणता चेंडू काय करील हे गोलंदाजालाही ठाऊक नसते. अशा वेळी बॅट पुढे न रेटता चेंडूला शेवटपर्यंत पाहणे, हात सैल ठेवणे, आणि मिळालेल्या पंधरा-वीस धावांची किंमत ओळखणे, हे ज्याला जमते तो टिकतो. शंभर धावा येथे संघाच्या विजयाला पुरतात. जवळच्या क्षेत्ररक्षकाला तर अशा दिवशी उसंत नसते.

१९४८ सालीच जन्मलेला एकनाथ सोलकर हा पुढे फलंदाजाच्या पायाशी उभा राहून झेल घेण्यात जगात अद्वितीय ठरला. त्याचे वडील हिंदू जिमखान्याच्या मैदानाचे माळी होते. बाळू पळवणकरांची सुरुवातही पुण्याच्या क्लबांत मैदान राखण्याच्या कामावरूनच झाली होती. ज्याने खेळपट्टी पाण्याने भिजवली आणि रुळाने दाबली, त्याला तिचा स्वभाव वरून उतरलेल्या खेळाडूपेक्षा आधी कळतो. पण बाळूंच्या काळी त्या ज्ञानाला चहाच्या मंडपात जागा नव्हती. सोलकर १९७१ साली ओव्हलवर भारतीय संघातून खेळला. पद्माकर शिवलकर हा दुसरा दाखला. प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेऊनही भारताकडून एकही कसोटी न खेळलेल्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासला १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले. १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षे मुंबईने राखलेल्या करंडकाची ती शेवटची कडी होती. या पंधरा वर्षांचे श्रेय साखळीला एकटीला देणे चुकीचे ठरेल. कचेऱ्यांच्या ढाल-स्पर्धा, शाळांचे सामने आणि नोकऱ्या यांचा वाटा मोठा आहे. पण जूनमध्ये विसावण्याऐवजी जुलैत कसाला लागणारा खेळाडू दिवाळीला इतरांच्या पुढे असणार, हे गणित साधे आहे.

उरलेल्या महाराष्ट्राची स्थिती निराळी होती. संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांनी डिसेंबर १९२६ मध्ये, म्हणजे भंडारदऱ्याच्या धरणाचे उद्घाटन झाले त्याच महिन्यात, मुंबईत इंग्लंडहून आलेल्या एम. सी. सी. च्या संघाविरुद्ध १४८ धावा केल्या. त्यांच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. त्यानंतर तो महाराष्ट्राकडे परत आलेला नाही. दख्खनची काळी माती भिजली की फुगते आणि पायाला चिकटते, वाळली की भेगाळते. तिच्यावर पावसात खेळता येत नाही, म्हणून चटई. चटईवर चेंडू एकसारखा उसळतो. चांगला डोळा तेथे घडतो, पण खेळपट्टीवर अविश्वास ठेवण्याची विद्या तेथे मिळत नाही. ज्यांना ती हवी ते घाट उतरतात. प्रवरेच्या काठी, संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथे १९८८ साली जन्मलेला अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढला आणि मुंबईकडून खेळला. श्रीरामपूरचा झहीर खान वयाच्या सतराव्या वर्षी मुंबईस येऊन नॅशनल क्रिकेट क्लबात दाखल झाला. अकराव्या वर्षी जॉन ब्राइट क्लबाकडून कांगा साखळीत उतरलेल्या सचिन तेंडुलकरला ते मैदान घराजवळ होते. या दोघांना ते घाटापलीकडे होते.

कसोटीच्या खेळपट्ट्या आता पावसात झाकल्या जातात. मँचेस्टरचा १९५२ सारखा दिवस पुन्हा येण्याचा संभव फार थोडा. ज्या कारणासाठी ही साखळी निघाली असे सांगतात ते कारण त्यामुळे संपले आहे. साखळी चालू आहे. श्रीरामपूरकडे त्या वेळी ऊस उभा असतो, आणि गळीत हंगामाला अजून तीन महिने असतात.