कॅरोटिड स्टेंटरोपणानंतरचे मेंदूसंरक्षण

मानेतील कॅरोटिड धमनीत स्टेंट बसवल्यानंतर मेंदूला होऊ शकणारी इजा टाळण्यासाठी जे उपाय केले जातात, त्यांना मेंदूसंरक्षण म्हणतात. शरीरात कोणतेही उपकरण न घालता योजले जाणारे उपाय हा त्यांतील एक महत्त्वाचा भाग आहे.

== इजेची कारणे ==
स्टेंट उघडताना धमनीच्या भित्तीवर साचलेल्या थराचे सूक्ष्म कण सुटून मेंदूकडे वाहत जातात. शस्त्रक्रियेच्या वेळी लावलेली जाळी मोठे कण अडवते, सर्व कण नव्हे. परिणामी, कोणतेही लक्षण नसताना एमआरआय चाचणीत नवे लहान व्रण आढळतात. दुसरा धोका अतिरक्तप्रवाहाचा असतो. दीर्घकाळ कमी रक्तावर राहिलेल्या भागात एकाएकी जास्त रक्त आल्यास डोकेदुखी, आकडी, क्वचित मेंदूत रक्तस्राव होतो.

== प्रचलित उपाय ==
* '''रक्तदाब नियंत्रण:''' रक्तदाब वाढल्यास अतिरक्तप्रवाहाचा धोका वाढतो. उलट, धमनीतील दाबसंवेदी केंद्रावर ताण आल्याने रक्तदाब व नाडीचे ठोके घटूही शकतात. म्हणून दोन्ही बाजूंनी लक्ष ठेवावे लागते.
* '''औषधे:''' गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल ही औषधे साधारणतः किमान चार आठवडे एकत्र दिली जातात; त्यानंतर एक औषध चालू ठेवतात.

== दूरस्थ अनुकूलन ==
दंडाचा रक्तपुरवठा थोडा वेळ थांबवून पुन्हा सुरू केल्यास दूरच्या अवयवांची रक्ताभाव सोसण्याची क्षमता वाढते, असे या पद्धतीमागील तत्त्व आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधील एका चाचणीत १८९ रुग्णांचे तीन समान गट केले होते. एका गटाच्या दोन्ही दंडांवरील पट्टा २०० मिमी पारा दाबापर्यंत फुगवून ५ मिनिटे ठेवत व ५ मिनिटे सैल करत. अशी ५ आवर्तने दिवसातून दोनदा, स्टेंटपूर्वी दोन आठवडे केली गेली. स्टेंटनंतर या गटातील सुमारे १६ टक्के रुग्णांत नवे व्रण दिसले. लुटुपुटूचा उपचार दिलेल्या गटात हे प्रमाण सुमारे ३७ टक्के, तर केवळ नेहमीचे उपचार घेतलेल्या गटात सुमारे ४१ टक्के होते.

== मर्यादा ==
या चाचणीत अनुकूलन स्टेंटपूर्वी केले होते. त्यामुळे स्टेंटनंतर ते सुरू केल्यास तितकाच लाभ होईल, असा निष्कर्ष तिच्यावरून काढता येत नाही. शिवाय तिचे मुख्य मोजमाप एमआरआयवरील व्रण हे होते, पक्षाघात नव्हे. ही पद्धत औषधांना पर्याय ठरत नाही. रक्तदाब मोजण्याच्या घरगुती यंत्राने तिचा प्रयोग करू नये. स्टेंटनंतर तीव्र डोकेदुखी, बोलण्यात अडखळणे किंवा हातपाय लुळे पडणे यांपैकी काहीही जाणवल्यास रुग्णास तातडीने रुग्णालयात नेणे आवश्यक असते.