धरमतरची खाडी आणि पलीकडची थंडी



आंबा नदी सुधागडातून उतरते, रोहे तालुक्यात नागोठण्याला येते आणि पुढे पेणच्या बाजूला धरमतरच्या खाडीत खारी होते. आपल्यापैकी बहुतेकींना ही नदी पुलावरून दिसते तेवढीच माहीत. धुण्यासाठी, चिंबोऱ्या-निवट्यांसाठी, खाजणातल्या कामासाठी आपण गुडघाभर पाण्यात उतरतो, फार तर कंबरभर. त्यापुढचे पाणी मुलग्यांचे, असे कुणी लिहून ठेवलेले नाही, तरी पोरगी दहा-बारा वर्षांची झाली की तिचे पोहणे बंद होते. १९८९ च्या जुलैत याच आंबेला पूर आला, जांभूळपाडा उद्ध्वस्त झाले, नागोठण्यात पाणी शिरले. नदीकाठी राहणाऱ्या बाईला पोहता येणे ही हौसेची गोष्ट नाही, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे पाण्यातले अंतर सुमारे ३६ किलोमीटर. एके काळी मुंबईच्या बोटी ज्या वाटेने धरमतरला लागत, तीच ही वाट. लांब पल्ल्याचे पोहणाऱ्यांमध्ये हिला मोठा मान आहे. ही वाट नुसत्या दंडाच्या जोरावर कापता येत नाही. धरमतरहून निघायचे ते ओहोटीच्या पाण्याबरोबर, म्हणजे खाडी आपणच तुम्हाला रेवस-करंजाच्या बाजूला बाहेर काढते. पुढे भरती लागली की तिच्या जोराने मुंबई बंदराच्या आत सरकायचे. वेळ चुकली की हात चालत राहतात आणि किनारा तिथेच राहतो. आपल्या खारेपाटातल्या बायकांना भांग-उधाण पंचांगाशिवाय कळते. या शर्यतीतले अर्धे शास्त्र आपल्या घरात आधीपासून आहे, असे आम्हाला वाटते.

मात्र या पाण्यात एक गोष्ट शिकायला मिळत नाही, ती म्हणजे थंडी. कोकणचा समुद्र ऐन हिवाळ्यातही कोमटच. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या इंग्लिश खाडीचे पाणी मात्र भर उन्हाळ्यात १५ ते १८ अंश असते. फ्रिजमधली बाटली काढून थोडा वेळ ओट्यावर ठेवली तर पाणी जसे लागेल, तसे. त्यात पंधरा-सोळा तास राहायचे.

ही खाडी पहिल्यांदा मॅथ्यू वेब या इंग्रजाने १८७५ साली पोहून पार केली. पुढची पन्नास वर्षे हे काम पुरुषांचेच समजले जाई. १९२५ साली अमेरिकेच्या गर्ट्रूड एडर्लीला अर्ध्यातून पाण्याबाहेर काढले गेले. पुढच्या वर्षी, ६ ऑगस्ट १९२६ रोजी, ती पुन्हा उतरली आणि साडेचौदा तासांच्या आसपास पलीकडे पोचली. तिच्या आधी पाच पुरुष पोचले होते. त्या पाचांपेक्षा ती सुमारे दोन तास लवकर पोचली! त्या काळचे बायकांचे पोहण्याचे कपडे पाण्यात जड होत. म्हणून तिने बहिणीच्या मदतीने स्वतःसाठी दोन भागांचा हलका पोशाख तयार केला होता. पोशाखाची अडचण आधी सोडवावी लागली, समुद्र नंतर.

आपल्या देशातून गेली कोलकात्याची आरती साहा. अकरा वर्षांची असताना ती १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेली होती. इंग्लिश खाडीसाठी तिने सराव केला तो गावातल्या तलावात, आधी सलग आठ तास, मग सोळा तास. पाणी गरमच, पण तासांची सवय झाली. २७ ऑगस्ट १९५९ चा पहिला प्रयत्न फसला. २९ सप्टेंबरला ती १६ तास २० मिनिटांत पार झाली. हे करणारी ती आशियातली पहिली स्त्री. तेव्हा तिचे वय १९ होते. तिला पद्मश्री मिळाली, पुढे १९९९ साली तिचे टपाल तिकीट निघाले. आरतीबाई १९९४ साली वारल्या, आणि त्याच वर्षी मुंबईची रूपाली रेपाळे वयाच्या बाराव्या वर्षी इंग्लिश खाडी पोहून गेली. रूपालीच्या नावावर धरमतरची वाटही आहे. म्हणजे आपल्याकडे ज्या वयात पोरीचे पाणी बंद होते, त्या वयात.

भक्ती शर्माची गोष्ट तर आपल्या जिल्ह्यातून सुरू होते. २००३ साली ती उरणहून गेटवेपर्यंत १६ किलोमीटर पोहली. तिची प्रशिक्षक तिची आईच, लीना शर्मा. २०१५ च्या जानेवारीत भक्ती अंटार्क्टिकात १ अंशाच्या पाण्यात सव्वादोन किलोमीटरच्या वर पोहली. आणि २०२४ च्या जूनअखेरीस नाशिकच्या तन्वी चव्हाण देवरे, दोन जुळ्यांची आई, इंग्लिश खाडी पार करून आल्या. बाळंतपणानंतर अंग पहिल्यासारखे राहत नाही, हे आपण किती सहज बोलून जातो.

कोमट पाण्यात वाढलेल्या या अंगांनी थंडी सोसली कशी? थंड पाण्यात उतरल्याबरोबर श्वास एकदम आत ओढला जातो आणि मग धाप लागते. ते आपल्या हातात नसते. तोंड तेव्हा पाण्याखाली असेल तर पाणी आत जाते, आणि चांगला पोहणारा माणूसही पहिल्याच मिनिटात बुडतो. पण दोन-तीन मिनिटे तरंगून काढली की ही धाप उतरते. म्हणून उडी मारायची नाही. पायरी-पायरीने उतरायचे, तोंडावर आणि मानेमागे पाणी घ्यायचे, श्वास सावकाश सोडत राहायचे. थोडी-थोडी मिनिटे असे पाच-सहा वेळा केले की शरीर ओळख धरते, आणि ती ओळख काही महिने टिकते. बाहेर आल्यावरही अंग आतून आणखी थोडा वेळ गार होत जाते. तेव्हा कढत पाण्याने अंघोळ करायची नाही. ओले काढून कोरडे घालायचे, लोकरीचे पांघरायचे, गरम काहीतरी घोट घोट प्यायचे. बाळंतिणीला आपण जसे जपतो तसेच.

आता त्या काळ्या रबरी पोशाखाबद्दल, वेटसूटबद्दल. ह्यू ब्रॅडनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या एक-दोन वर्षांत तो नौदलाच्या पाणबुड्यांसाठी सुचवला. निओप्रीन नावाच्या कृत्रिम रबरात बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. ते ऊब धरून ठेवतात. आत थोडे पाणी शिरतेच, पण ते अडकून राहते आणि अंगाच्या उबेने कोमट होते. पहिल्यांदा घालणाऱ्या बाईला छाती आवळल्यासारखी वाटते, गळा दाबल्यासारखा वाटतो. त्यातच थंडीची धाप लागली की ती घाबरते. गळ्यापाशी थोडे ओढून पाणी आत घ्यावे, मग तो अंगाला धरतो. नखाने ओढू नये, फाटतो.

हा सूट माणसाला तरंगवतोही. आपल्या आज्या काष्टा घालून, पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकल्या. सुटाचे आणि भोपळ्याचे काम बरेचसे एकच. इंग्लिश खाडीच्या जुन्या नियमात म्हणून तो चालत नाही. साधा पोहण्याचा पोशाख, टोपी, चष्मा आणि घासू नये म्हणून अंगाला चरबीचा लेप, एवढेच. आम्हाला हा नियम विक्रमासाठी ठीक वाटतो. शिकणारीला तो लावू नये. शिकताना भोपळा लागतोच.

रोह्याकडच्या मैत्रिणी म्हणतील, आमच्या कुंडलिकेचे पाणी थंड असते की. खरे आहे. मुळशीच्या तलावाचे पाणी डोंगर उतरून भिऱ्याच्या वीजघरात येते, १९२७ पासून येते, आणि सकाळी ते कुंडलिकेत सुटले की कोलाडच्या राफ्टिंगवाल्यांचा दिवस सुरू होतो. पौषातल्या सकाळी ते अंगाला झोंबते. गंमत म्हणजे याच भिऱ्यात २०१७ च्या मार्चमध्ये पारा साडेसेहेचाळीस अंशांवर गेला होता. पण त्या सुटलेल्या पाण्याला ओढ फार. लाइफ जॅकेट घालून राफ्टमध्ये बसणे वेगळे आणि त्यात पोहायला शिकणे वेगळे. शिकायचे तर साचलेल्या, तळ माहीत असलेल्या पाण्यात, पोहणाऱ्या माणसाच्या हाताशी, आणि चार-पाच जणींनी मिळून. काठावर एकीने कोरडे कपडे आणि चहाचा थर्मास घेऊन बसायचे.