जुन्या होडीतील जिवंत मासळीची टाकी : दुरुस्ती आणि सुधारणा कशी कराल?

शिरोळ : मासा टाकीत फडफडत असेल तर गिऱ्हाईक फारशी घासाघीस करत नाही. मरळ आणि देशी मांगूर तर जिवंतच घेण्याकडे लोकांचा कल असतो. त्यामुळे होडीतली जिवंत मासळीची टाकी बंद पडली की थेट भावावर परिणाम होतो. जुन्या होडीत ही टाकी कमी खर्चात दुरुस्त करता येते. मात्र शिरोळ तालुक्यात नुसता पंप बदलून भागत नाही, नदीच्या पाण्याचाही विचार करावा लागतो.

मूळ अडचण कुठे?

जुन्या टाकीची रचना साधी असते. पंप नदीचं पाणी आत ओढतो आणि जादा पाणी वरच्या नळीतून बाहेर जातं. नदी स्वच्छ असेल तोवर हे उत्तम चालतं. पण कोल्हापूर, इचलकरंजीकडून येणारी पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. उन्हाळ्यात प्रवाह थांबला की तिचं पाणी काळसर होतं. तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या तालुक्याला नव्या नाहीत. सांडपाण्यातली घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. अशा वेळी पंप जितका जोरात चालेल, तितकं वाईट पाणी टाकीत येतं. म्हणून बाहेरचं पाणी बंद करून आतलंच पाणी फिरवण्याची सोय हवी.

आधी तपासणी

होडी काठावर ओढून टाकी रिकामी करा. पाणी येण्याच्या तोंडावरची जाळी, नळ्या आणि क्लॅम्प बघा. कडक झालेली किंवा चिरलेली नळी बदला. पंप आवाज करतो पण पाणी फेकत नाही, तर पंख्यात गाळ, केंदाळाची मुळं किंवा जाळ्याचा दोरा अडकलेला असतो. फायबरच्या टाकीतली चीर घासून, पूर्ण वाळवून मॅट आणि रेझिनने बुजवा. रेझिनचा वास पूर्ण गेल्याशिवाय, दोन-तीन वेळा पाणी भरून ओतल्याशिवाय मासे सोडू नका. गॅल्व्हनाइज्ड किंवा तांब्या-पितळेचे जोड टाकीत नकोत, त्यांचा अंश माशांना बाधतो. पीव्हीसी बरं.

सुधारणा कशी?

१. नदीकडून येणाऱ्या नळीवर बॉल व्हॉल्व्ह बसवा. पाणी चांगलं असेल तिथे टाकी भरा आणि व्हॉल्व्ह बंद करा. बाहेरचा पंप बंद करायला विसरू नका, कोरडा चालला तर जळतो.

२. टाकीत १२ व्होल्टचा दुसरा छोटा पंप ठेवा. त्याचं पाणी वरच्या बाजूला आडव्या बसवलेल्या, बारीक छिद्रांच्या पाइपमधून पडू द्या. धार पाण्यावर पडली तरच हवा मिसळते. पाइप पाण्यात बुडालेला असेल तर फायदा कमी.

३. १०० लिटरच्या टाकीला ताशी १००० लिटरचा पंप घेतला तर सगळं पाणी साधारण सहा मिनिटांत एकदा फिरतं.

४. जोडीला हवेचा पंप आणि हवेचा दगड ठेवा. एक बंद पडला तर दुसरा तारतो.

५. बॅटरीजवळच फ्यूज लावा. दोन ॲम्पिअरचा पंप ३५ ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीवर कागदावर १७ तास चालतो, पण साधी बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये. म्हणजे आठ तास धरा.

ऊन आणि गर्दी

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. झाकणावर ओलं पोतं टाका. बर्फ घालायचाच तर बंद बाटलीत घाला आणि पाणी एकदम गार करू नका. नळाचं पाणी टाकीत ओतू नका, त्यातलं क्लोरीन माशांना मारतं.

सुरुवातीला दहा लिटरमागे एक किलोपेक्षा जास्त मासे नकोत. रोहू, कटला वर येऊन तोंड उघडू लागले की प्राणवायू कमी पडतोय असं समजा. मरळ आणि मांगूर वरची हवाही घेतात, म्हणून झाकणाखाली मोकळी जागा ठेवा. ते उड्या मारतात, झाकण घट्ट हवं.

बंद टाकीत माशांची घाण साचते. चांगलं पाणी लागलं की थोडं थोडं पाणी बदला.

होडीचा तोल

१०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन. टाकी मधोमध आणि तळाशी ठेवा. पाणी अर्धवट असेल तर हेलकाव्याला ते एका बाजूला धावतं, आत आडवी पट्टी लावल्यास हे कमी होतं. टाकी मोठी करण्याचा मोह टाळा. पावसाळ्यात नदी चढल्यावर होडीत जादा वजन नकोच.

नवीन जोडणी झाल्यावर मासे न सोडता टाकी भरून दोन तास चालवून बघा. गळती, गरम होणारी वायर आणि सैल क्लॅम्प काठावरच सापडलेला बरा.