क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटमिती

क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटमिती (एक्सपीएस) ही पदार्थाच्या पृष्ठभागावर कोणती मूलद्रव्ये आहेत आणि ती कोणत्या रासायनिक अवस्थेत आहेत, हे ओळखण्याची पद्धत आहे. गंज चढणे, रंग धरणे, उत्प्रेरकाने काम करणे या क्रिया पदार्थाच्या सर्वांत वरच्या थरांत घडतात. तेथील रसायन आतल्या भागापेक्षा पुष्कळदा वेगळे असते.

निर्वात पात्रात ठेवलेल्या नमुन्यावर क्ष-किरण सोडले जातात. बहुधा ते ॲल्युमिनियमचे, १४८६.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे असतात. प्रकाशविद्युत परिणामामुळे अणूंतील इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. त्यांची गतिज ऊर्जा मोजून बंधन ऊर्जा काढतात आणि तिच्यावरून मूलद्रव्य ओळखतात. हायड्रोजन व हेलियम मात्र या पद्धतीने ओळखता येत नाहीत. क्ष-किरण नमुन्यात खोलवर जातात, परंतु ऊर्जा न गमावता बाहेर येणारे इलेक्ट्रॉन केवळ वरच्या सुमारे १० नॅनोमीटरमधलेच असतात. पद्धतीचे सारे मर्म या विसंगतीत आहे.

स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात काय सीगबान यांनी ही पद्धत विकसित केली. सोडियम थायोसल्फेटच्या वर्णपटात गंधकाची एकाऐवजी दोन शिखरे मिळाली, कारण त्या रेणूतील गंधकाचे दोन अणू भिन्न परिस्थितीत असतात. शेजारच्या अणूंमुळे बंधन ऊर्जा किंचित सरकते. यास रासायनिक विस्थापन म्हणतात. शुद्ध सिलिकॉनचे शिखर सुमारे ९९ इलेक्ट्रॉन व्होल्टवर, तर सिलिकाचे सुमारे १०३ वर येते. सीगबान यांना १९८१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. त्यांचे वडील मान्ने सीगबान यांनाही क्ष-किरण वर्णपटविज्ञानासाठी १९२४ चे नोबेल मिळाले होते.

अर्थनिर्णय इतक्या लहान विस्थापनांवर अवलंबून असल्यामुळे ऊर्जेच्या मापनपट्टीचा शून्यबिंदू अचूक असणे अत्यावश्यक ठरते. विद्युतरोधक नमुन्यांवर धन प्रभार साचतो व सर्व शिखरे सरकतात. अशा वेळी हवेतून नमुन्यावर बसलेल्या कार्बनी मळाचे शिखर २८४.८ इलेक्ट्रॉन व्होल्टवर आहे असे मानून बाकीची शिखरे जुळवण्याचा प्रघात आहे. मळालाच मोजपट्टी करण्याची ही सोय सर्वत्र रूढ असली तरी निर्धोक नाही. लिंकोपिंग विद्यापीठातील ग्रझेगोर्झ ग्रेचिन्स्की आणि लार्स हुल्टमन यांनी वेगवेगळ्या विद्युतवाहक पृष्ठभागांवर हे शिखर मोजले असता त्याच्या स्थानात दोन इलेक्ट्रॉन व्होल्टहून अधिक फरक आढळला. एवढ्या फरकाने धातूच्या ऑक्सिडीकरण अवस्थेविषयीचा निष्कर्ष बदलू शकतो. म्हणून प्रकाशित बंधन ऊर्जांची तुलना करताना मापनपट्टी कशी जुळवली होती, हे आधी पाहावे लागते.