तळघरातलं बेट : टिकी बारची गोष्ट

आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. अमेरिकेत ‘टिकी बार’ नावाचा एक प्रकार आहे. पुढे बांबूचा कठडा, वर गवताचं छप्पर आणि कोपऱ्यात डोळे वटारलेली लाकडी मूर्ती. 1950 च्या दशकात तिकडच्या अनेक मध्यमवर्गीय माणसांनी असा बार आपल्या तळघरात किंवा परसात स्वतःच्या हातांनी उभा केला. त्यातल्या बहुतेकांना बांबूकामाचा गंध नव्हता. मग ही हौस आली कुठून?

सुरुवात हॉटेलांतून झाली. अमेरिकेतली दारूबंदी डिसेंबर 1933 मध्ये उठली. त्याच सुमारास अर्नेस्ट गँट नावाच्या भटक्या माणसाने हॉलिवूडमध्ये छोटासा बार काढला. भिंतींवर बेटांवरच्या वस्तू टांगल्या, स्वस्त रममध्ये फळांचे रस मिसळले. पुढे त्याने स्वतःचं नावच डॉन बीच करून घेतलं. ओकलंडमध्ये व्हिक्टर बर्जरॉनने ‘ट्रेडर व्हिक्स’ त्याच धर्तीवर चालवलं. मंदीच्या दिवसांत थोड्या पैशांत दूरदेशी जाऊन आल्याचं समाधान मिळे.

घराघरांत ही हौस पोहोचली ती मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर. लाखो अमेरिकन तरुण पॅसिफिकमध्ये लढून आले होते. ग्वादालकनालवर शत्रूच्या जोडीला मलेरिया होता. नोव्हेंबर 1943 मध्ये तरावाच्या बेटियो या चिमुकल्या बेटावर 76 तासांत सुमारे हजार अमेरिकन पडले आणि जपानी शिबंदी जवळजवळ सगळी संपली. मग 1947 मध्ये जेम्स मिचनरचं ‘टेल्स ऑफ द साउथ पॅसिफिक’ आलं, 1949 मध्ये त्यावरचं संगीत नाटक गाजलं, 1959 मध्ये हवाई राज्य झालं. लोकांच्या मनातली बेटं पुन्हा हिरवीगार झाली.

सैनिक म्हणून एक सांगतो. रणातून परतलेला माणूस घरी लढाईबद्दल फारसं बोलत नाही. तिथला पाऊस, तिथली फळं, सोबत्यांच्या खोड्या एवढंच सांगतो. तळघरातला तो बार मला तसाच वाटतो. युद्धातलं जेवढं घरात सांगता येतं, तेवढंच त्यात मांडलेलं असायचं. शेजाऱ्याने मग तो पाहून नुसती नक्कल केली असेल, तो भाग वेगळा.

आता बांधणीबद्दल. नवशिक्याने सांगाडा साध्या लाकडाचा करावा आणि बांबू वरून लावावा. बांबू पोकळ असतो, थेट खिळा ठोकला की उभा चिरतो. म्हणून आधी गिरमिटाने भोक पाडायचं, मग स्क्रू. तोही शक्यतो पेराच्या गाठीजवळ, तिथे बांबू भक्कम असतो. सांधे काथ्याच्या दोरीने आवळून बांधायचे. बांबू कोवळा नको, निदान तीन वर्षांचा हवा आणि नीट वाळलेला हवा. त्यातल्या पिठूळ अंशावर भुंगेरे येतात, म्हणून टाकणखार आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवतात. आपल्याकडचा कोणताही बुरूड हे सगळं बसल्या जागी सांगेल.

राहिली कोपऱ्यातली मूर्ती. माओरी परंपरेत टिकी म्हणजे पहिला पुरुष. पॉलिनेशियातल्या अशा कोरीव मूर्ती देवांच्या आणि पूर्वजांच्या, म्हणजे पूज्य. अमेरिकेत त्यांचे दारूचे पेले झाले. त्याच काळात, 1946 साली, पॅसिफिकमधल्याच बिकिनी बेटांवरच्या 167 रहिवाशांना घरं सोडायला लावली आणि 1958 पर्यंत तिथे 23 अणुचाचण्या झाल्या. तळघरात खोटं बेट सजत होतं, समुद्रातलं खरं बेट राहण्याजोगं उरत नव्हतं.

परदेशात कुणी आपल्या देवाचं चित्र चपलेवर छापलं की आपल्याला राग येतो, आणि तो रास्तच आहे. म्हणून हौस असेल त्याने बांबूचा बार जरूर बांधावा, काम शिकण्यासारखं आहे. मूर्तीची जागा मात्र रिकामी ठेवावी. तिथे एखादी कुंडी छान दिसेल.

आज इथेच थांबतो. जय हिंद.